ऑफिससाठी कलर लेझर प्रिंटर: सरांना ऑफरवाला घ्यायचाय, मला धाकधूक वाटतेय

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी, जरा मदत करा. आमचं ठाण्यात नौपाड्यात स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं ऑफिस आहे, ९ जण आहोत, त्यातले ४ कायम साइटवर आणि बाकीचे आम्ही रिपोर्ट, पत्रं, कोटेशन, ड्रॉइंग यांच्यात बुडालेले. मुख्य काम सोसायट्यांच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे बिल्डिंग किती मजबूत आहे ते तपासायचं. सोसायटीच्या बायलॉजप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी ऑडिट लागतं, आणि नौपाड्यात तिशी ओलांडलेल्या बिल्डिंगा किती आहेत ते ठाणेकरांना सांगायला नको, त्यामुळे काम बक्कळ आहे देवाच्या दयेने.

एक रिपोर्ट साधारण ६०-६५ पानांचा, त्यात २५ एक पानं फोटोंची, म्हणजे कॉलमला गेलेले तडे, स्लॅबचं पडलेलं प्लॅस्टर, गंजलेल्या सळया, टेरेसचं लीकेज वगैरे, एका पानावर ४ ते ६ फोटो. असे ४ सेट काढतो, सोसायटीला दोन, महापालिकेसाठी एक आणि आमच्या फाइलला एक.

तर पहिल्या पावसातच आमचा जुना कलर लेझर बसला. इंजिनिअर येऊन बघून गेला, म्हणाला ट्रान्सफर बेल्ट (रंग कागदावर नेणारा पट्टा) गेलाय, २२ हजार लागतील, त्यापेक्षा मॅडम नवीनच घ्या. सरांनी लगेच रात्री मोबाइलवर एक मशीन शोधून काढलं, मिनिटाला २७ पानं, ड्युटी सायकल महिन्याला ५०,००० पानं, वायफाय, टचस्क्रीन, ड्युप्लेक्स (दोन्ही बाजूंनी प्रिंट), आणि किंमत ऑफरमध्ये ५० हजारांच्या आत. म्हणे "आपण काय महिन्याला ५०,००० काढतो का, आयुष्यभर चालेल". ऑफर रविवारपर्यंत आहे. मला मात्र मागच्या वेळचे टोनरचे (लेझरच्या रंगाच्या पावडरचे) खर्च आठवून धडकी भरलीय कारण ती बिलं मीच पास करते. घेऊ का नको? कुठलं घेऊ? बजेट सर ताणतील थोडं, पण पटवून द्यावं लागेल.

फ्यूजरगरम

रविवारच्या आत काहीही घेऊ नका ताई. असल्या ऑफर दर महिन्याला येतात.

मी तुर्भ्याला प्रिंटर सर्व्हिसमध्येच आहे, १६ वर्षं झाली, विकत काही नाही त्यामुळे माझं ऐकायला हरकत नाही. ते ५०,००० वाचून फसू नका. ड्युटी सायकल म्हणजे मशीन एखाद्या महिन्यात जास्तीत जास्त किती ओढू शकेल तो आकडा, रोज तेवढं काढा असं नाही. गाडीच्या मीटरवर १८० लिहिलेलं असतं म्हणून घोडबंदर रोडला कोणी १८० ने जातं का, आणि घोडबंदरला तर सध्या १८ ने गेलात तरी मिळवलं. खाली बारीक अक्षरात "रेकमेंडेड मंथली व्हॉल्यूम" असतं ते बघा, ५०,००० वाल्या मशीनला ते ७५० ते ४,००० असं काहीतरी सापडेल. तुमचं मशीन त्या आकड्याच्या मध्यावर बसलं पाहिजे, टोकावर नाही.

आता मला दोन गोष्टी सांगा. जुन्या मशीनचा बेल्ट गेलाय म्हणजे स्क्रीन तर चालू होतेय ना? नेटवर्कला लावा, त्याचा आयपी अ‍ॅड्रेस ब्राउझरमध्ये टाका, त्यात यूसेज पेज असतं. एकूण पानं किती, कलर किती, ब्लॅक किती हे आकडे इथे टाका. अंदाजे नको, मीटरवरचे हवेत. मशीन घेऊन किती महिने झाले तेही सांगा.

खारघरचा_बाळू

लेझरचा हट्ट कशाला?? इंक टँक घ्या आणि सुखी व्हा. माझ्याकडे ट्यूशन क्लासेस आहेत, खारघर सेक्टर १२, चार वर्षं इंक टँकवर हजारो पानं काढली, बाटली ओतायची की झालं, पर पेज पैशात येतं. लेझरच्या एका टोनरच्या पैशात माझ्या दोन वर्षांच्या बाटल्या येतात. शिवाय लाइट बिल बघा, लेझरला आतमध्ये हीटर असतो, इंकला नसतो. लोकांना उगाच वाटतं लेझर म्हणजे प्रोफेशनल.

कोर्टनाका_झेरॉक्स

बाळूभाऊ तुमच्या क्लासच्या नोट्समध्ये आणि यांच्या रिपोर्टमध्ये फरक आहे. पानभर फोटो साध्या कागदावर इंकने काढले की कागद पापडासारखा होतो, दोन्ही बाजूंनी काढले तर विचारूच नका. माझं दुकान आहे, दोन्ही मशीन वापरतो म्हणून बोलतोय.

पाचपाखाडीकर

आकडे मिळाले, ब्राउझरची आयडिया भारी होती, आमच्या कोणालाच माहीत नव्हतं हे.

मशीन बरोबर ३६ महिने वापरलं. एकूण १,६१,८४० पानं. त्यात ब्लॅक १,२२,२४० आणि कलर ३९,६००. म्हणजे महिन्याला साधारण ४,५०० पानं, त्यात ११०० कलर. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जास्त निघालं. सरांना दाखवलं तर ते म्हणाले "बघ, कलर किती लागतो आपल्याला, म्हणून कलरच घ्यायचा".

बाळू, इंक टँकचा विचार केला होता पण रिपोर्ट साइटवर जातात, पावसात हाताळले जातात, एकदा बाहेरून इंकवर काढून आणलेली पानं ओली झाली होती तर तडे कुठले आणि शाई कुठली कळेना.

सेक्टर_सतरा

वाशीहून. आमचं सीएचं ऑफिस आहे, आणि प्रिंटरचं गणित मी एकदा स्वतः बसून केलंय कारण पार्टनर लोक मशीनची किंमत बघतात, टोनरची कोणी बघत नाही.

टोनरच्या खोक्यावर पानांचा जो आकडा असतो तो एका आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे मोजलेला असतो, कलरसाठी आयएसओ १९७९८. त्यात ठरावीक टेस्ट पानं असतात आणि प्रत्येक रंग पानाच्या साधारण ५ टक्के भागावर धरलेला असतो. आता छोट्या ऑफिस मशीनचा साधा टोनर घ्या, काळा २,४०० पानं आणि रंगीत प्रत्येकी २,१०० पानं. किमती समजा काळा ८,००० आणि रंगीत एकेक १०,०००, तुम्ही तुमच्या मॉडेलच्या टाका. काळ्याचे पानाला ३ रुपये ३३ पैसे, रंगीत एकेकाचे ४ रुपये ७६ पैसे, तिन्हींचे १४ रुपये २९ पैसे. म्हणजे एक साधं कलर पान साडेसतरा रुपयांच्या वर गेलं. आणि हे ५ टक्के कव्हरेजला. तुमच्या एका पानावर ६ फोटो म्हणजे पांढरं उरतं किती? कव्हरेज तिप्पट धरलं तरी पान ५० च्या पुढे.

मोठे टोनर, म्हणजे हाय यील्ड, घेतले तर थोडं उतरतं, पण ते मशीन घ्यायच्या आधीच बघायचं असतं की त्या मॉडेलला हाय यील्ड टोनर येतो की नाही. खूप स्वस्त मशीनला येतच नाही, तिथेच मेख असते. आणि नवीन मशीनबरोबर जो टोनर येतो तो बऱ्याचदा स्टार्टर असतो, अर्धवट भरलेला, दिवाळीच्या आत संपतो.

जीएसटी १८ टक्के, मशीनवरही आणि टोनरवरही, तुमचं रजिस्ट्रेशन असेल तर क्रेडिट मिळेल. इन्कम टॅक्सला घसारा कॉम्प्युटरच्या ब्लॉकमध्ये (गटात) ४० टक्क्यांनी घेतो आम्ही. पण घसारा मिळतो म्हणून मशीन घ्यायचं नसतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

फ्यूजरगरम

सेक्टर सतराच्या ताईंनी गणित माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. आता पाचपाखाडीकर, मला एक खटकतंय. तुम्हीच लिहिलंय एका रिपोर्टला २५ फोटोंची पानं आणि ४ सेट. म्हणजे १०० कलर पानं. महिन्याला रिपोर्ट किती जातात?

पाचपाखाडीकर

सरासरी ५. कधी ३, कधी ८. मार्चमध्ये जास्त.

फ्यूजरगरम

म्हणजे ५०० कलर पानं. मीटर म्हणतोय ११००. उरलेली ६०० पानं कुठून आली?

तुमच्या लेटरहेडवर लोगो कुठल्या रंगाचा आहे?

पाचपाखाडीकर

निळा आणि भगवा... अरे देवा. तो लोगो वर्डच्या टेम्प्लेटमध्येच आहे, हेडरमध्ये. आणि फुटरला वेबसाइटचा पत्ता निळ्या रंगात, अंडरलाइनसकट. प्रत्येक पानावर.

कोर्टनाका_झेरॉक्स

😂😂 घ्या. निम्म्या ऑफिसांचं हेच असतं.

फ्यूजरगरम

हसू नका, मी हे आठवड्यातून एकदा तरी बघतो. पानावर शेंगदाण्याएवढा निळा रंग असला तरी मशीन ते पान कलरमध्ये धरतं. टोनर थोडाच जातो, पण बऱ्याच मशीनमध्ये चारही रंगांचे ड्रम (पावडर धरणारे रोलर) फिरतात, बेल्ट कामाला लागतो, आणि ड्रमचं आयुष्य फिरण्यावर मोजलं जातं, त्यावर रंग किती पडला यावर नाही. म्हणजे तुमचा बेल्ट ३ वर्षांत गेला त्यात त्या फुटरमधल्या वेबसाइटचा वाटा आहे.

तर आता खरं चित्र असं की कलर ५००, पण सगळी भरगच्च फोटोंची, आणि ब्लॅक ४,०००. तुमचं ऑफिस कलरचं नाहीये, ब्लॅकचं आहे आणि मधूनमधून त्याला कलरचा झटका येतो. यासाठी एकच कलर मशीन घेऊन त्यावर सगळं काढणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढण्यासारखं.

मी काय केलं असतं सांगतो. ब्लॅकसाठी एक दणकट मोनो (फक्त काळा) लेझर, ड्युप्लेक्सवाला, लॅन केबलने जोडलेला (वायफायवर ९ जणांनी ६० पानांची पीडीएफ फेकली की रांग लागते आणि मग प्रत्येक जण परत परत प्रिंट देतो, मग तीच पानं तीनदा येतात). त्यात टोनर आणि ड्रम वेगळे असलेला बघा. एचपी, कॅननच्या बऱ्याच छोट्या मशीनमध्ये ड्रम टोनरच्या कार्ट्रिजमध्येच असतो, बदलायला सोपं पण प्रत्येक वेळी ड्रमचेही पैसे मोजता. ब्रदर, क्योसेरामध्ये ड्रम वेगळा असतो, टोनर स्वस्त पडतो, ड्रम बऱ्याच पानांनी एकदा बदलायचा. मोनोत हवं तर चांगल्या माणसाकडून रिफिलही करा, मी नाही म्हणणार नाही. कलरमध्ये मात्र रिफिल नको. प्रत्येक कंपनीची पावडर वेगळ्या तापमानाला वितळते, मिसळली की फ्यूजरमध्ये (पावडर वितळवून कागदाला चिकटवणारा गरम रोलर) नीट चिकटत नाही, पानावर सावल्या उमटतात, आणि आत सांडली तर लेझरच्या काचेवर बसते. शिवाय टोनरवर चिप असते. एखाद्या रात्री फर्मवेअर अपडेट येतो आणि सकाळी मशीन म्हणतं हा टोनर ओळखीचा नाही, असे सकाळचे फोन मला बरेच येतात.

कलरसाठी दोन रस्ते. एक, बाहेरून काढणे. दोन, ए थ्री कलर कॉपिअर भाड्याने, पर क्लिक, म्हणजे निघालेल्या दर पानामागे पैसे. क्लिक रेटमध्ये गंमत अशी की पानावर एक फोटो असो की सहा, दर तोच. ज्याची पानं भरगच्च असतात त्याला क्लिक परवडतो आणि ज्याच्या पानांवर नुसता लोगो असतो तो क्लिकमध्ये लुटला जातो. तुम्ही दोन्ही होतात, म्हणून आधी लोगो काढा.

सेक्टर_सतरा

लोगोचा उपाय आम्ही केला तो सांगते. लेटरहेड ऑफसेटला छापून घेतलं, २ हजार कागद, कलर लोगोसकट, आणि त्यावर मोनोवर मजकूर काढतो. पत्र अगदी छान दिसतं. फक्त प्रेसवाल्याला आधी सांगायचं की हा कागद लेझरमधून जाणार आहे. आम्ही पहिल्यांदा सांगितलं नव्हतं, त्यातली शाई फ्यूजरच्या उष्णतेने सुटायची आणि प्रत्येक पत्राच्या मध्यावर लोगोची एक फिकट भुताटकी यायची. क्लायंटला वाटायचं वॉटरमार्क आहे. आम्ही पण काही बोललो नाही.

खारघरचा_बाळू

पण मी म्हणतो मोनो लेझर + इंक टँक कलरला, हे का नाही? ५०० पानंच तर आहेत.

फ्यूजरगरम

बाळूशेठ तुमचं म्हणणं पूर्ण चूक नाहीये. पिगमेंट शाईचं मशीन असेल तर पाण्यालाही बऱ्यापैकी टिकतं, डाय शाई पसरते, ताईंनी आणलेली पानं बहुतेक डायची होती. जाड कागद, एका बाजूने, घाई नसेल तर चालेल. पण यांचं काम झटक्यात येतं, आठवडाभर कलर नाही आणि मग एका संध्याकाळी शंभर पानं. इंकला न वापरता ठेवलं की नोझल बंद, मग क्लीनिंग मारा, प्रत्येक क्लीनिंगची शाई वेस्ट पॅडमध्ये. लेझरची पावडर महिनाभर पडून राहिली तरी सुकत नाही, ती मुळातच सुकी आहे.

कोर्टनाका_झेरॉक्स

ताई माझा स्वार्थ आहे म्हणून सांभाळून बोलतो. ५०० कलर पानांसाठी मशीनच का ठेवायचं? पीडीएफ मेल करा, आम्ही काढून, बाइंडिंग करून ठेवतो, तुमच्या ऑफिसचा मुलगा येऊन घेऊन जाईल. कोर्टनाक्याला वकील लोकांचं असंच चालतं, पक्षकाराचे फोटो, पंचनाम्याचे फोटो, सगळं. पानाला ८-१० रुपये पडतील, क्वांटिटी असेल तर कमी. मशीन बिघडलं तर डोकेदुखी माझी. लेझर आहे, इंक नाही.

एकच सांगतो, साइटचे फोटो मोबाइलवरून थेट वर्डमध्ये टाकू नका. एकेक फोटो ५-६ एमबीचा, दीडशे फोटोंची फाइल पाऊण जीबीची होते, ती मेललाही जात नाही आणि मशीनही तासभर विचार करत बसतं. वर्डमध्येच "कॉम्प्रेस पिक्चर्स" असतं, २२० पीपीआय ठेवा, तेवढ्या आकारात कागदावर फरक दिसत नाही.

पाचपाखाडीकर

दादा तुमची आयडिया मलाही आवडली, पण आमचे सर. रात्री ८ वाजता ठरवतात की तो फोटो बदल, तो "मेजर डिस्ट्रेस" मध्ये टाक, मग तेवढं एक पान ४ सेटमध्ये बदलायचं. आणि सोसायटीची मीटिंग सकाळी ११ ला. रात्री ९ ला तुमचं दुकान उघडं असेल का?

आज दोन रेंटलवाल्यांना बोलावलं होतं. दोघंही रिफर्बिश्ड (वापरलेलं, दुरुस्त केलेलं) ए थ्री मशीन देतायत. एक म्हणतो कलर ७ रुपये, ब्लॅक ६० पैसे, महिना कमीत कमी ३,५०० चं बिल, टोनर-सर्व्हिस-पार्ट सगळं त्याचं. दुसरा कलर ५ रुपये म्हणतो पण कागदावर द्यायला तयार नाही, म्हणे "मॅडम विश्वास ठेवा". पहिल्याच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय बघू?

आणि अजून एक अडचण. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बिल्डिंग ४१ वर्षांची आहे. (हो, आमच्याच बिल्डिंगचं ऑडिट आम्हीच केलंय. नका विचारू.)

सेक्टर_सतरा

दुसऱ्याला आत्ताच नारळ द्या.

फ्यूजरगरम

विश्वासवाला सोडा, ताई बरोबर म्हणतायत.

पहिल्याच्या कागदात हे बघा. कव्हरेजची अट आहे का ते सगळ्यात आधी. काही जण बारीक अक्षरात लिहितात की कलर पानाचं कव्हरेज अमुक टक्क्यांच्या वर गेलं तर जादा आकार. तुमच्यासाठी सगळा खेळ तिथेच आहे, ती अट खोडून घ्या आणि खोडलेल्या जागी त्याची सही घ्या. हवं तर तुमच्या रिपोर्टमधली फोटोंची दहा पानं त्याच्या मशीनवर काढायला लावा म्हणजे त्यालाही कळेल काय पदरात घेतोय, नंतर रडायला नको. ए थ्री पान एक क्लिक धरणार की दोन ते विचारा, बहुतेक जण दोन धरतात. दोन्ही बाजूंचं पान म्हणजे दोन क्लिक, ते सगळीकडेच. जाम झालेलं आणि सर्व्हिसच्या माणसाने काढलेली टेस्ट पानं वजा होणार का? मीटरचा फोटो दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला तुम्ही स्वतः काढून ठेवा. बंद पडलं तर किती तासांत माणूस येणार, आणि त्या दिवशी नाही जमलं तर दुसरं मशीन देणार का.

अजून एक जे कोणी विचारत नाही. ए थ्री मशीनमध्ये बऱ्याचदा हार्डडिस्क असते. सोसायटीच्या लोकांचे आधार, पॅन तुम्ही स्कॅन करत असाल, तर मशीन परत जाताना डिस्क पुसून देणार हे लिहून घ्या. आणि आलेल्या मशीनमध्ये आधीच्या माणसाचं काही पडलंय का तेही पहिल्याच दिवशी बघा, मला एकदा एका मशीनमध्ये अख्ख्या लग्नाच्या पत्रिका सापडल्या होत्या.

त्याच्या मशीनवर ब्लॅक काढायचं की तुमच्या मोनोवर, ते गणित ताईंना करू दे, पण ६० पैशांत टोनर-पार्ट सगळं त्याचं असेल तर मोनो मशीन घ्यायची घाई करू नका. आधी तीन महिने याच्यावरच सगळं काढून बघा.

सेक्टर_सतरा

करते की. ५०० कलर गुणिले ७ म्हणजे ३,५००. त्याचं मिनिमम बरोबर तिथेच भरलं, तो आकडा त्याने उगाच नाही ठेवला. ४,००० ब्लॅक गुणिले ६० पैसे म्हणजे २,४००. एकूण ५,९००, वर १८ टक्के जीएसटी, ६,९६२. कागद तुमचा. आता हेच लोगो न काढता चालू ठेवलं असतं तर ११०० कलरचे ७,७०० आणि ३,४०० ब्लॅकचे २,०४०, म्हणजे ९,७४०, अधिक जीएसटी. नुसत्या लोगोचे महिन्याला ३,८४० रुपये.

आणि सरांच्या ऑफरवाल्या मशीनवर तीच ५०० फोटोंची पानं ५० रुपयांनी, २५,०००. दर महिन्याला. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सरांच्या टेबलावर ठेवा. ब्लॅकमध्ये.

कोर्टनाका_झेरॉक्स

वजनाचं बघा ताई. टेबलावरचं मशीन २०-२५ किलो, दोन माणसं उचलतात. ए थ्री कलर कॉपिअर कॅबिनेटसकट १०० किलोच्या आसपास जातो. जुन्या बिल्डिंगचा जिना, वळणावर अडकतो तो. माझ्या दुकानात आणताना चार हमाल लागले होते आणि दुकान तळमजल्यावर आहे. रेंटलवाल्याला आधी जिना दाखवा, मागून "हमाली वेगळी" म्हणेल. खालचे ट्रे सुटे करून वेगळे नेता येतात, ते सांगा त्याला. आणि रात्री ९ ला दुकान बंद असतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आधी कळवलं तर थांबतो 🙏

फ्यूजरगरम

पॉवर राहिली. त्याला स्वतंत्र १६ अ‍ॅम्पिअरचा पॉइंट द्या. फ्यूजर दर थोड्या वेळाने झटका घेतो, त्याच एक्स्टेंशनवर कॉम्प्युटर असतील तर ट्यूबलाइटसुद्धा डोळे मिचकावते. आणि छोट्या यूपीएसवर लेझर कधीही लावायचा नाही, यूपीएस ओरडत बसतो किंवा जातोच.

पाऊस चालू आहे म्हणून कागदाचं पण. अर्धी वापरलेली रिम उघडी ठेवू नका, कागद हवेतला ओलावा पितो, मग फ्यूजरमधून जाताना वळतो आणि जाम. लोक म्हणतात मशीन खराब, खराब असतो कागद. रिम भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर ठेवा, ट्रेमध्ये त्या दिवशी लागेल तेवढाच. ए थ्री मशीनच्या ट्रेला हीटर बसवता येतो, रेंटलवाल्याला विचारा, पावसाळ्यात फार उपयोगी. फोटोंच्या पानांना १०० जीएसएम वापरत असाल तर ट्रेच्या सेटिंगमध्ये जाड कागद सांगा, नाहीतर टोनर नखाने निघतो.

खारघरचा_बाळू

माझ्या इंक टँकला फ्यूजरच नाही, सांगून ठेवतो 😌

पाचपाखाडीकर

अपडेट देते, खूप जणांनी वेळ दिलात म्हणून.

ऑफर रविवारी संपली आणि सोमवारी परत चालू झाली, सरांना दाखवलं. ताईंचं गणित एका ए फोरवर टाइप करून टेबलावर ठेवलं, बघून पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले "लोगोचा एवढा खर्च आधी का नाही दाखवलास". आता स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतायत की फुटरमधली वेबसाइट काढा.

टेम्प्लेटमधला लोगो काढला. ड्रायव्हरमध्ये सगळ्यांच्या पीसीवर डिफॉल्ट ब्लॅक केलंय, कलर हवा असेल तर मुद्दाम निवडावा लागतो. लेटरहेड हजार कागद ऑफसेटला दिलंय, लेझरमधून जाणार हे दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा प्रेसवाले काका चिडले.

रेंटलवाला पहिलाच घेतला. कव्हरेजची अट होतीच, चौथ्या पानावर, २० टक्क्यांची. आमची दहा पानं काढून दाखवल्यावर तो डोकं खाजवायला लागला, शेवटी कलर साडेसात रुपये आणि अट रद्द असं ठरलं, खोडून सही घेतली. मोनो मशीन तूर्त नाही, तीन महिन्यांचं मीटर बघून ठरवू. कोर्टनाक्याच्या दादांचा नंबर सरांनी सेव्ह केलाय, मीटिंगच्या आदल्या रात्रीसाठी.

काल मशीन आलं. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकलंच, ट्रे सुटे करून मग गेलं, चार माणसं आणि दीड तास. खालच्या मजल्यावरच्या काकू बाहेर येऊन विचारत होत्या की एवढं जड वर नेताय, बिल्डिंगला चालेल का, तुम्हीच तर रिपोर्टमध्ये लिहिलंय ना.

एक प्रश्न राहिला. सोसायट्यांची मराठी पत्रं पीडीएफमधून काढताना या मशीनवर जोडाक्षरं तुटतायत, "प्रस्ताव" चं "प्‌रस्‌ताव" होतंय, रफार भलतीकडे जातोय. जुन्यावर असं होत नव्हतं. काय करू?

फ्यूजरगरम

प्रिंटच्या खिडकीत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये "प्रिंट अ‍ॅज इमेज" वर टिक करा, लगेच सुटेल. पानं थोडी हळू येतील. कायमचं हवं असेल तर रेंटलवाल्याला पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर टाकून बघायला सांगा, आत्ता बहुतेक पीसीएल नावाचा दुसऱ्या प्रकारचा टाकलाय.

पाचपाखाडीकर

झालं! प्रस्ताव एकसंध आला.